कवडीच्या आत

कवडी पाहिली नाही असा मराठी माणूस सापडणे अवघड आहे. देवीच्या परडीत ती असते. आराध्यांच्या आणि भुत्यांच्या गळ्यात तिच्या माळा असतात. पोळ्याला बैलाच्या गळ्यात ती दिसते. तुळजापूरच्या दुकानांतून तिच्या माळा ओळीने टांगलेल्या असतात. सारीपाट खेळलेल्या पिढीला तर तिची उताणी आणि पालथी पडण्याची लकब हाताच्या तळव्याला ठाऊक आहे. इतकी वर्षे, इतक्या हातांतून फिरलेली ही वस्तू मुळात एका प्राण्याचे घर आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. तो प्राणी म्हणजे उथळ, उबदार समुद्रात प्रवाळांच्या आसऱ्याने राहणारी एक लहानशी गोगलगाय. हे पुस्तक तिच्याविषयी आहे.

कवडीवर लिहिलेले साहित्य कमी नाही. इतिहासाच्या पुस्तकांत ‘पूर्वी कवड्या चलन म्हणून वापरत’ असे एक वाक्य येते आणि लेखक पुढे तांब्या-चांदीच्या नाण्यांकडे वळतो. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत कवच, प्रावरण, अंडी, खाद्य असे सगळे वर्णन झाल्यावर शेवटी तेच वाक्य जोडलेले असते. ही दोन वाक्ये एकमेकांना कधी भेटत नाहीत. ती भेटवावीत एवढ्यासाठी मी हे लिहायला घेतले. चीनपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत ज्यांचा एकमेकांशी संबंध नव्हता अशा लोकांनी या एकाच लहान शंखाला पैसा मानले. याचे कारण माणसाच्या हौसेत शोधण्याआधी त्या गोगलगायीच्या कवचात शोधावे, असे माझे ठाम मत आहे. ती ज्या रीतीने आपले कवच बांधते, त्यातच तिचे पुढचे भवितव्य ठरले.

कवड्यांच्या दोनशेहून अधिक जाती जगात आहेत. कोकणच्या खडपात सापडते ती नक्षीदार, तपकिरी, मोठी ‘अरबी कवडी’ वेगळी. आपण ज्या पिवळसर-पांढऱ्या छोट्या कवडीबद्दल बोलतो आहोत तिला लिनेयस यांनी १७५८ साली ‘सिप्रिया मोनेटा’ असे नाव दिले. आज ती ‘मोनेटारिया मोनेटा’ या नावाने ओळखली जाते. नावातच नाणे आहे, कारण लिनेयस यांच्या काळापर्यंत ती युरोपच्या व्यापाऱ्यांच्या वह्यांत पक्की नोंदली गेली होती. तिची सख्खी बहीण म्हणावी अशी ‘मोनेटारिया अ‍ॅन्युलस’ ही दुसरी जात. तिच्या पाठीवर नारिंगी-सोनेरी कडे असते, त्यामुळे ती सहज ओळखता येते. या बहिणीची गाठ पुढे आफ्रिकेत पडणार आहे.

आता हातात एक कवडी घ्यावी आणि नीट पाहावी. लांबी बहुधा दीड ते तीन सेंटिमीटर. व्यापारात जी मालदीवची बारीक कवडी चाले, तिचे वजन जेमतेम एक ग्रॅमहून थोडे जास्त. पाठ पिवळी, कडेला पांढरी होत गेलेली. काही कवड्यांत पाठीवरून करड्या-निळसर रंगाचे आडवे पट्टे पुसटसे दिसतात. तिचा आकार गुळगुळीत अंड्याचा नाही. ती चपटी आहे आणि मागच्या बाजूला रुंद होते. तिथे कडेवर टेंगळांसारख्या गाठी उठलेल्या असतात. काही कवड्यांत त्या इतक्या ठळक असतात की कवडी चौकोनी भासते, तर काहींत नावालाही नसतात. या फरकामुळेच एकोणिसाव्या शतकात शंखसंग्राहकांनी या एका जातीला डझनावारी वेगवेगळी नावे दिली. पुढे ती जवळजवळ सगळी रद्द झाली. पालथ्या बाजूला सपाट पोट आणि त्याच्या मधोमध लांब, अरुंद फट. हे कवडीचे तोंड. त्याच्या दोन्ही ओठांवर दहा-बारा जाड दात. हे दात चावण्यासाठी नाहीत. ते कवचाचाच भाग आहेत. खाण्यासाठी गोगलगायीच्या तोंडात वेगळीच खरखरीत पट्टी असते, तिने ती दगडावरचे शेवाळ खरवडते.

हे कवच तयार कसे होते, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, म्हणून इथे थोडे थांबतो. कवडीचे पिल्लू पाहिले तर ती कवडी आहे असे सांगूनही पटत नाही. त्याचे कवच पातळ, हलके, फुगीर असते. तोंड रुंद, बाहेरचा ओठ धारदार, दातांचा पत्ता नाही. टोकाला शंखाची छोटीशी वेटोळी स्पष्ट दिसतात. म्हणजे कवडीही इतर शंखांसारखीच गोल फिरत वाढते. फरक इतकाच, की तिचे प्रत्येक नवे वेटोळे आधीच्याला पोटात घेत जाते आणि शेवटचे वेटोळे सगळ्यांना झाकून टाकते. मग एका टप्प्यावर प्राणी वाढणे थांबवतो. बाहेरचा ओठ आत वळू लागतो, जाड होतो, त्यावर दात उमटतात, रुंद तोंडाची फट होते. त्या दिवसापासून कवडीची लांबी वाढत नाही. पुढे जे काही होते ते जाडीत. पाठीवर आणि कडांवर थरावर थर चढतात, वेटोळी बुडून जातात, आणि त्या गाठीही याच थरांतून वर येतात. शंखाची किंवा जमिनीवरच्या गोगलगायीची लांबी पाहून तिच्या वयाचा थोडाफार अंदाज करता येतो. प्रौढ कवडीच्या बाबतीत ते होत नाही. दोन सेंटिमीटरची कवडी म्हातारी आणि तीन सेंटिमीटरची नुकती वयात आलेली असू शकते.

तिच्या चकाकीचे कारणही तिच्या शरीरात आहे. किनाऱ्यावरचे बहुतेक शंख बाहेरून खडबडीत असतात. त्यांच्यावर शेवाळ धरते, चुनखडीचे छोटे प्राणी चिकटतात, वाळू घासते. कवडीचे तसे होत नाही, कारण जिवंतपणी तिचे कवच बहुतेक वेळ उघडे नसतेच. प्रावरण नावाचे मऊ मांस दोन्ही बाजूंनी फटीतून बाहेर येते, कवचाच्या दोन्ही अंगांनी वर चढते आणि पाठीवर एकमेकाला भिडते. धोका जाणवला की क्षणात ते आत ओढले जाते. प्रावरण चुन्याचा आणि रंगाचा थर सतत देत राहते, म्हणून कवचावर ओरखडाही टिकत नाही. पॉलिश करणारा कारागीर इथे घरमालक स्वतःच आहे. त्यामुळे कवडी समुद्रातून काढल्यावर तिला घासूनपुसून चकाकी आणावी लागत नाही, आणि शेकडो वर्षे हातांत फिरली तरी ती एकदम निस्तेज होत नाही.

कवच कॅल्शियम कार्बोनेटचे, पण त्याच्या अरागोनाइट या रूपाचे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या बारीक पट्ट्या एकमेकींना छेद देऊन बसवलेल्या दिसतात. प्लायवूडचे पदर असे आळीपाळीने उलट-सुलट लावतात. त्यामुळे तडा गेला तरी तो सरळ पार जात नाही. प्रत्येक पदरापाशी त्याला वाट बदलावी लागते. जाड कडा, अरुंद तोंड, दोन्हीकडून आलेले दात, हे सगळे खेकड्याविरुद्ध उपयोगी पडते. पुष्कळ समुद्री गोगलगायी तोंडाला झाकण लावून घेतात. प्रौढ कवडीला ते झाकण नसते, कारण तिची फटच तिचे दार आहे. तरीही शत्रू टळत नाहीत. ऑक्टोपस कवचाला बारीक भोक पाडून आत विष सोडतो. कोन जातीची शिकारी गोगलगाय विषारी काटा फटीतून आत घालते.

दिवसा ती मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्याखाली किंवा दगडाच्या कपारीत दडून असते. रात्री बाहेर पडते. नर-मादी वेगवेगळे असतात. मादी अंड्यांच्या छोट्या कुप्यांचा पुंजका दगडाला चिकटवते आणि त्यावर बसून राहते. गोगलगाय अंडी राखते हे वाचताना पुष्कळांना आश्चर्य वाटेल, पण कवड्यांत ही सवय सर्रास आहे. अंड्यांतून निघालेली पिल्ले काही काळ प्रवाहाबरोबर तरंगतात, म्हणून या जातीचा पसारा मोठा आहे. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून हिंदी महासागर ओलांडून हवाईपर्यंत आणि पार गॅलापागोसपर्यंत ती आढळते. आपल्याकडे तिचे हक्काचे ठिकाण म्हणजे लक्षद्वीप आणि अंदमान. न्यू कॅलेडोनियाच्या दक्षिणेकडच्या काही उपसागरांत कवड्या काळ्याकुट्ट होतात आणि दोन्ही टोकांना चोचीसारख्या लांबतात. तिथल्या मातीतल्या निकेलशी अभ्यासक याचा संबंध जोडतात.

आता पैशाकडे येऊ. पैसा होण्यासाठी वस्तू टिकाऊ हवी, एकसारखी हवी, मोजता यावी, खोटी करता येऊ नये, आणि सापडण्याची ठिकाणे मोजकी हवीत. वर सांगितलेली रचना यातल्या एकेका अटीला उत्तर आहे. जाड, उलट-सुलट पदरांमुळे ती फुटत नाही. वाढ ठरावीक टप्प्यावर थांबत असल्याने एका ठिकाणच्या कवड्या आकाराने बऱ्याच सारख्या असतात. दात, फट आणि चकाकी यांची नक्कल जवळून पाहणाऱ्याला फसवू शकत नाही. चीनमध्ये हाड, दगड आणि कांसे यांच्या कवड्या बनल्या, पण त्या नकली म्हणूनच ओळखल्या जात. तिथल्या आन्यांग येथे शांग काळातल्या फू हाओ या राणीची कबर १९७६ साली उघडली, तेव्हा तीत सहा हजारांहून अधिक कवड्या मिळाल्या. ही कबर इ. स. पूर्व १२०० च्या सुमाराची, आणि आन्यांगपासून उबदार प्रवाळ समुद्र कितीतरी दूर आहे.

हिंदी महासागरातला या कवडीचा खरा मळा मालदीव. इब्न बतूता हा प्रवासी १३४३ साली तिथे पोहोचला आणि काही काळ काझी म्हणून राहिला. कवड्या समुद्रातून काढून किनाऱ्यावर खड्ड्यांत घालतात, मांस कुजून गेले की पांढरे कवच उरते, हे त्याने लिहून ठेवले. तिथे एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी त्याहूनही जास्त. त्या बंगालला जात आणि बदल्यात तांदूळ येई. पुढे हाच प्रवासी सहारा ओलांडून माली आणि गाओला गेला तेव्हा तिथे तीच कवडी दिनाराला ११५० या भावाने चाललेली त्याने पाहिली. एकाच माणसाने एकाच वस्तूचे हे दोन भाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मालदीवमधला स्वस्त माल आफ्रिकेत पोहोचेपर्यंत किती महाग होई, हे सांगायला यापेक्षा चांगली नोंद मला माहीत नाही.

इब्न बतूता १२ हजार कवड्यांच्या एका मापाचा उल्लेख करतो. सुमारे अडीचशे वर्षांनी, १६०२ साली, फ्रान्स्वा पिरार हा फ्रेंच माणूस जहाज फुटून मालदीवात अडकला आणि पाच वर्षे तिथे राहिला. त्यानेही कवड्या नारळाच्या झावळ्यांच्या करंड्यांत बारा-बारा हजारांनी भरल्या जात असे नोंदवले. अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपासच्या उधाणाच्या ओहोटीत बायका कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्या वेचत. तीस-चाळीस जहाजे दुसरे काही न भरता नुसत्या कवड्या घेऊन बंगालकडे जात. कोकणातल्या वाचकाला यातले एक अंग लगेच कळेल. तिसऱ्या वेचायला, कालवे फोडायला आपल्याकडच्या बायका याच तिथींना खडपात उतरतात. समुद्र पंचांग पाळतो आणि त्याच्यावर पोट असलेली माणसेही.

महाराष्ट्राचा या हिशोबाशी जवळचा संबंध आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त सुरुवातीलाच नाण्यांचे कोष्टक आहे. २० वराटक म्हणजे कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माला १२८० कवड्या. भास्कराचार्यांच्या विद्येच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ उभारल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. आता बंगालचे अठराव्या शतकातले कोष्टक पाहा. ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहन. पणाला ८० आणि काहनाला १२८०, अगदी लीलावतीतलाच आकडा. चार काहनांचा एक रुपया, म्हणजे ५१२० कवड्या. सहाशे वर्षांत राजवटी बदलल्या, नाण्यांची नावे बदलली, पण कवडीचे गणित ढळले नाही. १७७८ च्या सुमारास रॉबर्ट लिंडसे हा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी सिल्हेटला गेला तेव्हा तिथला सारा महसूल कवड्यांत येत होता आणि नावा भरभरून ढाक्याला जात होता.

कंपनीने कवड्या घेणे बंद केले तेव्हा काय झाले हे ओडिशात दिसते. सारा चांदीच्या रुपयांतच द्यावा लागू लागला, आणि ज्याच्या हातात रुपया कधी येत नव्हता त्याची जमीन गेली. १८१७ च्या पाइक बंडामागच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. कवडीमोल हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. पण ज्याची सगळी कमाई कवड्यांतच होती, त्याच्यासाठी कवडी तुच्छ नव्हती. गरिबाला मीठ, भाजी, एक वेळचे तेल यांचा हिशोब ठेवता येईल इतके लहान नाणे दुसरे नव्हते.

यापेक्षा काळा भाग आफ्रिकेचा आहे, आणि तो गाळून कवडीचा इतिहास लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. पोर्तुगीज, मग डच आणि इंग्रज जहाजांनी मालदीवच्या कवड्या आधी हिंदुस्थानातल्या आणि सिलोनच्या बंदरांत आणि तिथून अ‍ॅमस्टरडॅम व लंडनला नेल्या. परतीच्या जहाजाला तळाशी वजन लागे, ते काम त्या करत. लंडनमधून त्या पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, विशेषतः आजच्या बेनिनच्या विदा बंदराकडे जात आणि त्यांच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. अठराव्या शतकात इंग्रज आणि डच यांनी मिळून दहा हजार टनांहून जास्त कवड्या आफ्रिकेत उतरवल्या. एक ग्रॅमच्या कवडीचे दहा हजार टन म्हणजे अब्जावधी प्राणी. ते वेचणाऱ्या मालदीवच्या बायकांना आपला माल कुठे आणि कशासाठी जातो हे कळण्याचा मार्ग नव्हता.

१८४० नंतर हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी झांझिबारकडून दुसरी कवडी, सोनेरी कड्याची ती बहीण, जहाजे भरभरून आणली. ती मोठी, स्वस्त आणि अमाप होती. काही दशकांत पश्चिम आफ्रिकेतले कवडीचे मोल ढासळले. ज्या अटींवर कवडी पैसा झाली होती त्यांतली एकच अट, मोजक्या ठिकाणी सापडण्याची, मोडली आणि सगळे कोसळले. घानाच्या आजच्या चलनाचे सेडी हे नाव मात्र कवडीवरूनच आले आहे.

आपल्याकडे तिचा एक उपयोग अजून चालू आहे. रसशास्त्रात वराटिका भस्म म्हणून ती वापरतात. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात औषधाला कोणती कवडी घ्यावी हे सांगितले आहे. ती पिवळी असावी आणि तिच्या पाठीवर गाठी असाव्यात. शिवाय वजनावरून उत्तम, मध्यम, कनिष्ठ अशी प्रतवारी दिली आहे. पिवळा रंग आणि गाठी! आजचा शंखशास्त्रज्ञ ‘मोनेटा’ ओळखण्यासाठी नेमक्या याच दोन खुणा पाहतो. लिनेयस यांच्या कितीतरी आधी कुणीतरी वैद्य कवड्यांच्या ढिगासमोर बसून, एकेक उलटसुलट करून, जात वेगळी काढत होता. अशा नजरेला मी शास्त्रीय नजर म्हणेन, मग तिच्या मालकाला प्राणिशास्त्र हा विषय ठाऊक असो वा नसो.

या पुस्तकात कवचाचे वर्णन आधी येते, इतिहास नंतर, आणि देवीच्या माळा, खेळ व औषध शेवटी. वाचकाने तोच क्रम पाळावा अशी माझी इच्छा आहे. इतिहासाची प्रकरणे अधिक रंगतदार आहेत, पण कवचाची रचना समजल्याशिवाय त्यांतले कारण हाती लागणार नाही. वाचताना एक जुनी कवडी जवळ ठेवावी. बहुतेक घरांत ती कुठेतरी असतेच.

लक्षद्वीपला किंवा अंदमानला जाणाऱ्या वाचकांना आणखी एक विनंती आहे. ओहोटीला प्रवाळाचा तुकडा उचलून खाली पाहण्याचा मोह होईल, आणि पाहायला हरकत नाही. पण पाहून झाले की तो तुकडा होता तसाच, होता त्याच बाजूने परत ठेवा. उलटा राहिलेला दगड उन्हात तापतो आणि त्याला चिकटलेली अंडी मरतात. चकाकणारी कवडी हाताला लागली तर समजा की आत प्राणी जिवंत आहे. ती उचलू नका. बाजारात माळ घेताना दुकानदाराला विचारा की कवड्या कुठून येतात. उत्तर मिळाले नाही तरी हा प्रश्न गिऱ्हाइकांकडून वारंवार येऊ लागला पाहिजे.

(कवड्यांची मापे आणि रंग प्रत्यक्ष नमुन्यांवरून दिले आहेत. आपल्या हातातली कवडी वर्णनापेक्षा थोडी वेगळी निघाली तर ती बनावट समजू नये. या जातीत तेवढा फरक असतो.)